कोर्सला वर्क परमिट आहे की नाही, हे एजंटाने लेखी द्यावं

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्हा पुरवणीत परदेशी शिक्षणाच्या जाहिराती सुरू होतात. ‘कॅनडा, जानेवारी इनटेक, दोन वर्षांचा डिप्लोमा, पुढे तीन वर्षांचं वर्क परमिट.’ अशाच एका जाहिरातीवरून माझा मुलगा ओंटारिओतल्या एका कॉलेजात गेला. त्याच्या डिप्लोमावर ते परमिट मिळणार नाही. आणखी कुणाच्या घरी हे घडू नये म्हणून लिहिते आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिक्षण संपल्यावर कॅनडा सरकार हे परमिट देतं. त्यावर कुठल्याही मालकाकडे काम करता येतं, पण ते आयुष्यात एकदाच मिळतं. दोन वर्षांच्या कोर्सला तीन वर्षांचं. तिथे वर्षभर कुशल काम केलं की पीआरची, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीची, वाट मोकळी होते. म्हणून पालक कर्जाचं सगळं गणित त्या तीन वर्षांवर मांडतात. आम्हीही तेच केलं.

१८ सप्टेंबर २०२४ ला कॅनडा सरकारने नियम बदलणार असल्याचं जाहीर केलं. १ नोव्हेंबरपासून जो स्टडी परमिटचा अर्ज करेल, त्याचा डिप्लोमा ठरावीक क्षेत्रातला असेल तरच पुढे वर्क परमिट. शेती, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, सुतारकाम-वायरिंगसारखे धंदे आणि वाहतूक अशी ती क्षेत्रं; शिक्षण नंतर जोडलं गेलं. बॅचलर्स, मास्टर्स, पीएचडीला ही अट नाही. माझ्या मुलाचा डिप्लोमा बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनचा.

त्याची फाइल ऑक्टोबरमध्येच तयार होती. कॉलेजचं पत्र, प्रांताचं पत्र, जीआयसीचे, म्हणजे तिथल्या राहण्याखाण्यासाठी कॅनडाच्या बँकेत आधीच ठेवायचे, २०,६३५ कॅनेडियन डॉलर भरल्याची पावती (त्या वेळच्या भावाने साडेबारा लाखांच्या घरात), सगळं. एजंट म्हणाला, “मॅडम, दिवाळी होऊ द्या, मग निवांत टाकू.” १ नोव्हेंबरला, शुक्रवारी, लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर सासूबाईंनी ती निळी फाइल ठेवली, तिला हळदकुंकू लावलं. नियम त्याच दिवशी लागू झाला. अर्ज गेला सोमवारी, ४ तारखेला. जाहीर झाल्यापासून सहा आठवडे हातात असताना, ज्याचा धंदाच हा आहे त्याने आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही.

मार्चमध्ये एकदा सकाळी सहाला मुलाचा फोन आला. मी डब्याच्या पोळ्या करत होते. तिकडे रात्रीचे साडेआठ. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी कोर्सचा सहा आकडी कोड कॉम्प्युटरवर टाकून वर्क परमिट मिळणाऱ्या कोर्सेसची यादी त्याच्यासमोर धरली होती, तीत तो कोड नव्हता. “आई, बाबांना आत्ता सांगू नकोस,” एवढंच तो म्हणाला. तव्यावरची पोळी करपली ते मला वासावरून कळलं.

आम्हीही वाचायला हवं होतं, हे मान्य आहे. माहिती कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर उघड होती. आणि स्वतःच्या देशात कुणाला काम करू द्यायचं हे ठरवायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार इथल्या व्यवस्थेबद्दल आहे.

आम्ही घर तारण ठेवलं. बँकेने तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागितला, व्हॅल्युएशन करून घेतलं, माझ्या आणि यजमानांच्या पगाराच्या स्लिपा घेतल्या, घरपट्टीची पावतीसुद्धा सोडली नाही. पण ज्या कमाईतून हप्ते फिटायचे ती करायची परवानगी या कोर्सनंतर मिळते का, असं अख्ख्या फाइलमध्ये कुणी विचारलं नाही. कोर्स संपून वर्षभराने हप्ते सुरू होतील.

एजंटाला कमिशन कॉलेजकडून मिळतं, हे आम्हाला नंतर कळलं. कॅनडात व्हिसाचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर वकील किंवा परवानाधारक सल्लागार असावं लागतं. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटांना नोंदणी लावतो, विद्यार्थी पाठवणाऱ्यांना नाही. पंजाबने २०१२ मध्ये कायदा करून अशा सल्लागारांना आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासांनाही परवाना सक्तीचा केला. महाराष्ट्राने तसा कायदा करावा, ही माझी मागणी आहे. तोवर बँकांनी एवढं करावं: कर्ज मंजूर करण्याआधी कोर्सचा कोड, तो यादीत आहे की नाही आणि कुठल्या तारखेला पाहिलं, हे एका कागदावर एजंटाच्या सहीशिक्क्यानिशी घ्यावं. आणि आपल्यालाही विनंती, की ज्या जाहिरातीत वर्क परमिटचा शब्द असेल तीत कोर्सचं नाव छापल्याशिवाय ती घेऊ नये.

ज्यांची मुलं आधीच तिकडे आहेत त्यांनी दोन गोष्टी आत्ताच बघाव्यात. वर्क परमिटच्या अर्जाला आता भाषेची परीक्षा लागते आणि जाताना दिलेली ॲकॅडमिक आयईएलटीएस तिथे चालत नाही, त्याच परीक्षेचा ‘जनरल ट्रेनिंग’ हा प्रकार लागतो. तिचा निकाल दोन वर्षांच्या आतला हवा. दुसरं म्हणजे पासपोर्ट. त्याची मुदत आधी संपत असेल तर परमिटही तेवढ्याच मुदतीचं मिळतं. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीचा पासपोर्ट असाच मधेच संपत होता, हे तिच्या आईला परवा माझ्याकडून कळलं.

मुलगा आता डिप्लोमानंतर एखाद्या विद्यापीठात पदवीच्या वरच्या वर्षात प्रवेश मिळतो का ते बघतो आहे, कारण पदवीला क्षेत्राची अट नाही. त्यासाठी नवीन स्टडी परमिट लागेल आणि आणखी दोन वर्षांची फी. वाढीव कर्जासाठी मी पुढच्या सोमवारी त्याच शाखेत जाणार आहे. वर सांगितलेला तो कागद या वेळी मीच लिहून नेणार आहे आणि साहेबांना तो फाइलला लावून पोच द्यायला सांगणार आहे.

आपली,
एक शिक्षिका आणि आई, कराड
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)