पाकीट घे रे बाबा

अरे मित्रा,

तुझा मेसेज वाचला, आई-बाबा पुढच्या महिन्यात कायमचे तुझ्याकडे येतायत आणि तू त्यांना सांगून टाकलंस की पैशाचा विषयच काढायचा नाही. आधी हसू आलं, मग पोटात गोळा, कारण मीपण हुबेहूब हेच केलं होतं.

आमचे बाबा दर १ तारखेला फ्रिजवर पैशांचं पाकीट ठेवायचे. मी ते गुपचूप त्यांच्या उशीखाली सरकवायचो आणि मनात म्हणायचो, काय गुणी मुलगा मी! ३-४ महिने हा खेळ चालला. मग एकदा संध्याकाळी ऑफिसातून आलो तर दोघं खोलीत अंधारात बसलेली. लाइट का नाही लावला विचारलं तर आई म्हणाली, "तुमचं बिल वाढतं रे." तुमचं! त्या दिवसापासून पाकीट घ्यायला लागलो. पंधरा दिवसांत बाथरूमचा नळ गळतो म्हणून बाबा माझ्यावर ओरडले, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

किती घ्यायचे म्हणशील तर किराणा, लाइट, गॅस यात माणसांप्रमाणे वाटा. घराचा हप्ता त्यात धरला नाही, तो ते नसते तरी मी भरतच होतो ना. औषधं त्यांच्या पैशातून, आणि खातं त्यांच्याच नावावर. सोयीचं पडतं म्हणून तुझं नाव त्यात घालणार असशील तर आधी बँकेत नीट विचार, त्यांच्या पश्चात ते पैसे कोणाचे यावरून भावंडांत जुंपते.

माझी मोठी चूक वेगळीच. त्यांचं घर विकून आलेले बरेचसे पैसे आमची वरची खोली बांधण्यात गेले, आणि ते भेट म्हणून दिले, उसने दिले की घरात हिस्सा म्हणून, हे कोणी बोललंच नाही. वर्षभरानं ताईनं विचारलं तेव्हा मी भडकलो, पण तिचं चुकलं कुठे? उद्या बाबांना चोवीस तास माणूस लागला तर पगार काय भिंत विकून देणार?

पण ताईच्याही हिशोबात एक रकाना नव्हता. बायकोनं नोकरी अर्धवेळ केली, रात्री दोनदा उठते, ते कुठे लिहायचं? कडाक्याचं भांडण झालं. शेवटी बाबांनीच कागद घेतला, खोलीचे पैसे उसने असं लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या, आणि वर्षातून एक महिना ताईनं इथे राहायचं ठरलं. पहिल्याच रात्रीनंतर सकाळी सातला ताईनं विचारलं, "तुझी बायको रोज असंच उठते का रे?"

तर तू भावाला आत्ताच फोन लाव, बाबांसमोर, स्पीकरवर. आणि वहिनीला विचारलंयस ना, की तिलाही नुसतं सांगून टाकलंस?

तुझाच,
मी