डोनटचं वय

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा परवाचा निरोप वाचला. ‘केक डोनट हा डोनटच नव्हे, तो वाळलेला केक आहे आणि कुणीतरी तो तळून ठेवलाय,’ असं तुझं म्हणणं. वर ‘आई, आता तरी मान्य कर’ ही मागणी. मान्य काही करत नाही. फोनवर हा विषय निघाला की तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. निदान शेवटपर्यंत वाचावं तरी लागेल.

आधी एक सांग. तू खाल्लास तो केक डोनट तळलेला कधीचा होता? मला विचारशील तर डोनटवरून होणारी निम्मी भांडणं प्रकारावरून नसतातच, वेळेवरून असतात. प्रत्येक प्रकाराचं एक वय असतं. त्या वयात तो खाल्ला तर उत्तम, नाहीतर चांगल्यातला चांगला डोनटही तोंड वाकडं करायला लावतो आणि दोष जातो बिचाऱ्या प्रकारावर.

तुझा लाडका घे. यीस्टचा, फुगलेला, वरून ग्लेझ म्हणजे साखरेचा पातळ लेप ओतलेला. त्याचं पीठ मळून दोनदा फुगू द्यावं लागतं, एकदा गोळा असताना आणि एकदा कड्या कापून झाल्यावर. मग साधारण १८५ अंश सेल्सिअसच्या तेलात सोडायचा. पीठ हलकं झालेलं असतं, त्यामुळे तो तेलावर तरंगतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. उलटला तरी कमरेभोवतीचा भाग तेलाला लागतच नाही आणि तिथे फिकट पट्टा राहतो. विकत घेताना मी आधी तो पट्टाच बघते. पट्टा दिसत नसला तर बहुधा पीठ नीट फुगलेलं नसतं, डोनट हाताला जड लागतो आणि आतून चिवट निघतो. फार फुगलं तरी पंचाईत, तेलात पडल्यावर बसतं आणि वर तेल पितं. लहानपणी तू नेमका त्या पट्ट्यावर नख लावून गोल गोल फिरवायचास, वरची चकती आणि खालची चकती वेगळी करायचास आणि दोन डोनट झाले म्हणून नाचायचास. ग्लेझ असलेला वरचा तुझा, खालचा बाबांचा. ही वाटणी तू इतक्या सफाईने करायचास की बाबांना आपण काय गमावतोय हे कळायचंही नाही.

पण याचं आयुष्य किती? अर्धा तास फार तर. गरम असताना ग्लेझमध्ये बुडवला की साखरेचा काचेसारखा पापुद्रा धरतो, दात लागताच मोडतो आणि खालचं पीठ जिभेवर विरून जातं. अमेरिकेतल्या विन्स्टन-सेलम गावात १९३७ साली क्रिस्पी क्रीम सुरू झालं. त्या कंपनीने तर पुढे या अर्ध्या तासाचाच धंदा केला. ताजा घाणा निघाला की दुकानावर ‘हॉट नाऊ’ असा लाल दिवा लागतो. बाकी सजावट नाही, सुका मेवा नाही, फक्त आत्ता गरम आहे एवढंच सांगणं. मला ही जाहिरात फार प्रामाणिक वाटते. कारण तोच डोनट संध्याकाळपर्यंत ठेव. साखर ओलसर होऊन बोटांना चिकटते आणि आतलं पीठ रबरासारखं ताणलं जातं. मायक्रोवेव्हमध्ये आठ-दहा सेकंद ठेवलास तर थोडा जिवंत होतो, पण लगेच खायचा. गार झाला की आधीपेक्षाही चिवट.

आता माझा केक डोनट. यात यीस्ट नाही, फुगवायला बेकिंग पावडर असते, म्हणून पीठ घट्ट, दाणेदार, आणि जायफळ घातलं असेल तर तळताना घरभर दरवळतं. त्यातही माझा जीव ओल्ड फॅशन्डवर. ताक किंवा आंबट क्रीम घातलेलं पीठ, आणि आच मंद, १६५ अंशांच्या आसपास. आपल्या ओट्यावर मी तो तळायचे तेव्हा तू स्टुलावर चढून बघायचास, आठवतं? कडी आधी तळाला जाते. काहीच होत नाही असं वाटतं. मग कडेने बारीक बुडबुडे येतात, ती डुलत वर येते, आणि वरच्या बाजूला एक चीर पडते. आच मंद असल्याने बाहेरचं कवच लगेच घट्ट होत नाही, आतला वायू वाट काढतो आणि ती चीर कडीभोवती फिरत जाते. उलटल्यावर त्या चिरेच्या कडा पाकळ्यांसारख्या उघडतात आणि सोनेरी होतात. तू दर वेळी ‘फुटला, फुटला!’ म्हणून ओरडायचास, जसं काही माझ्याकडून बिघडलंय. अरे, तो फुटण्यासाठीच असतो. त्या चिरांमध्ये ग्लेझ जाऊन बसतं आणि कडा कुरकुरीत राहतात. तेल मात्र फार गार होऊ द्यायचं नाही, मग नुसता तेलाचा बोळा होतो.

हा गरमागरम चांगलाच लागतो, त्यात वाद नाही. पण माझ्या मते त्याची खरी वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची. जायफळ रात्रभरात मुरतं, पीठ स्थिरावतं, आणि कॉफीत बुडवला तर लगेच विरघळून तळाला जात नाही. यीस्टवाला बुडवून बघ, कपात लगदा. तू खाल्लास तो ग्लेझ नसलेला, उघड्या खोक्यात दोन दिवस पडलेला असणार. त्यावरून अख्ख्या घराण्याला नावं ठेवायची?

फ्रेंच क्रलर तुला एकदाच मिळाला होता आणि तू तो ‘आत काहीच नाही’ म्हणून परत ठेवलास. मला तर तीच त्याची गंमत वाटते. त्यात यीस्ट नाही आणि बेकिंग पावडरही नाही. पाणी, लोणी आणि मैदा आचेवर घोटायचा, मग एकेक अंडं घालत फेटायचं. चांदणीच्या तोंडाच्या नळीतून कागदावर वळ्यांची कडी काढायची आणि कागदासकट तेलात सोडायची, कागद आपोआप सुटतो. फुगवण्याचं काम पिठातल्या पाण्याची वाफ करते. आत जाळी, ओलसर, अंड्याच्या चवीची, आणि बाहेर कडक वळ्या. याचंही आयुष्य कमीच. हवेत थोडा दमटपणा असला की तासाभरात मऊ पडतो. म्हणून चांगला क्रलर नशिबाने मिळतो, आणि मिळाला तर आधी खायचा, फोटो नंतर.

‘मधलं कुठे गेलं?’ हा तुझा चार वर्षांचा असतानाचा प्रश्न. तेव्हा बाबांनी ‘उंदराने नेलं’ सांगून वेळ मारून नेली होती. खरी गोष्ट अशी की अमेरिकेतल्या मेन राज्यातला हॅन्सन ग्रेगरी नावाचा खलाशी म्हणायचा, भोक मी पाडलं, १८४७ साली, सोळा वर्षांचा असताना, जहाजावर. तेव्हाचे डोनट कडेने कुरकुरीत आणि मध्ये कच्चे राहायचे. त्याने मिरपुडीच्या गोल डबीने मधला भाग कापून काढला. ही हकीकत त्याने १९१६ साली वॉशिंग्टन पोस्टला सांगितली, तेव्हा तो म्हातारा होऊन क्विन्सी गावात निवृत्त खलाशांच्या आश्रमात राहत होता. जहाजाच्या सुकाणूच्या दांड्यात त्याने डोनट खोचला आणि भोक पडलं, अशीही एक कथा आहे. दिसायला मजेदार, पण मला मिरपुडीची डबीच पटते, कारण तिच्यात स्वयंपाकाची अडचण आहे आणि तिच्यावरचा उपाय आहे. याच क्विन्सीत १९५० साली डंकिन डोनट्सने आपली पाटी लावली. ग्रेगरी तेव्हा हयात नव्हता, नाहीतर त्याने भोकाचे पैसे मागितले असते.

भोक नसलेल्यांचीही बाजू घ्यायला हवी. जर्मनीतला बर्लिनर, पोलंडचा पाँचकी, यांच्या पोटात जॅम. ते जाड असतात, म्हणून सावकाश तळावे लागतात, आणि पाँचकीच्या पिठात थोडं मद्य घालायची रीत आहे, त्याने पीठ तेल कमी पितं म्हणतात. गुलाबाच्या जॅमचा पाँचकी मी एका मैत्रिणीकडे खाल्ला. तो मात्र पूर्ण गार झाल्यावरच खावा, गरम असताना आतला जॅम जीभ पोळतो आणि चव काहीच कळत नाही. बर्लिनरची एक खोडी जर्मनीत ३१ डिसेंबरला करतात. ताटातल्या एकात जॅमऐवजी मोहरीची पेस्ट भरतात आणि कुणाच्या वाट्याला येतो ते बघतात. तुझ्या मामाने कुठेतरी हे वाचलं, घरी करून पाहिलं आणि त्या रात्री तो मोहरीवाला नेमका तुझ्या वाट्याला आला. योगायोग होता असं मामा अजूनही शपथेवर सांगतो. तेव्हापासून तू भरलेला डोनट आधी मोडून बघतोस. बॉस्टन क्रीमसुद्धा! त्यात कस्टर्ड असतं, मोडला की सगळं बोटांवर. आणि कस्टर्डचा म्हणून फ्रीजमध्ये ठेवावा लागतो, फ्रीजमध्ये पीठ लवकर शिळं होतं, म्हणजे याचं लग्नच मुळात बेजोड. आणल्या आणल्या खा, नाहीतर आणू नकोस.

रंगीत दाणे, मार्शमेलो, कुस्करलेली बिस्किटं यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. डोनट शिळा असला की वर गर्दी वाढते, एवढंच निरीक्षण. न्यूयॉर्कमध्ये डॉमिनिक आन्सेलने २०१३ साली क्रोनट काढला, क्रॉसाँ या फ्रेंच पावासारख्या पदरांचा, त्यासाठी लोक पहाटेपासून रांगेत. छान असेल. पदर मला आवडतात, रांगा नाही.

जपानी पॉन दे रिंगचं मात्र तुझ्याकडून ऐकायला आवडेल. मिस्टर डोनट या दुकानांच्या साखळीने २००३ साली आणलेला, आठ गोळ्या जोडून केलेली कडी, पिठात टॅपिओकाचा, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा, स्टार्च. त्याचा चिवटपणा मुद्दाम आणलेला असतो. म्हणजे तुझ्या यीस्टवाल्यात जो संध्याकाळचा दोष, तो इथे सकाळपासूनचा गुण. कुठे मिळाला तर खाऊन कळव, आणि किती वाजता खाल्लास तेही.

वेळेचं इतकं सांगतेय त्याला आणखी एक कारण आहे. कॅलिफोर्नियात गुलाबी खोक्यांतून डोनट विकणारी छोटी दुकानं आहेत, त्यांतली बरीच कंबोडियातून आलेल्या निर्वासित कुटुंबांची. टेड न्गॉय नावाचा माणूस १९७५ साली तिथे पोहोचला, डोनटच्या दुकानांच्या एका साखळीत डोनट करायला शिकला, स्वतःची दुकानं काढली आणि मागून येणाऱ्या आपल्या लोकांना त्यात उभं केलं. पुढे जुगारात त्याने सगळं घालवलं, पण ती कुटुंबं टिकली. गुलाबी खोकी का, तर पांढऱ्यांपेक्षा स्वस्त पडायची. ही दुकानं मध्यरात्रीनंतर जागी होतात. तू सकाळी सहाला गरम डोनट हातात घेतोस तेव्हा कुणीतरी रात्री दोनला पीठ मळायला उभं राहिलेलं असतं. म्हणून दुपारी चारला जाऊन ‘ताजा नाही’ अशी तक्रार काउंटरवर करत जाऊ नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे.

सुट्टीत येशील तेव्हा दोन्ही करीन. फक्त गाडी किती वाजता पोहोचते ते आदल्या दिवशी कळव. पहाटे येणार असलास तर यीस्टचं पीठ रात्रभर फ्रीजमध्ये सावकाश फुगायला ठेवता येईल, आणि तू दारात आलास की कढई चढवीन. दुपारी येणार असलास तर आदल्या दिवशीचे ओल्ड फॅशन्ड मिळतील आणि त्यांना वाळलेला केक म्हणायचं नाही.

तुझी,
आई

ता. क. मामाही त्याच आठवड्यात येतोय. त्याने पुढे केलेला भरलेला डोनट मोडून बघायला माझी हरकत नाही.