बेळगावच्या उद्यमबागेतल्या मेस्त्रींना, आप्पांच्या फियाटच्या सीटबद्दल

मेस्त्री, नमस्कार.

नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाही, पण त्या शेडमध्ये पांढरी फियाट उभी असलेली ज्यांनी बघितली त्यांना कळेलच मी कुणाला लिहितेय. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे की ओ ताई" म्हणून विषय बदलता, समोर आलं तर ग्राइंडर चालू करता, त्यामुळे शेवटी लिहायला बसले. गेल्या आठवड्यात आप्पा खानापूरला आत्याकडे स्वतः गाडी चालवत गेले आणि परत आले, आणि उतरल्यावर कमरेवर हात ठेवून उभे राहिले नाहीत. सरळ घरात येऊन चहा मागितला. आई माझ्याकडे बघतच राहिली. हे तुम्हाला माहीत असायलाच पाहिजे.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आप्पा म्हणजे माझे वडील. गाडी १९७० ची फियाट अकराशे डिलाइट, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, म्हणजे जिला पुढे लोक पद्मिनी म्हणायला लागले तिचीच थोरली बहीण. आप्पांनी निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडून सेकंडहॅंड घेतली, आणि त्यानंतर घरात दुसरी चारचाकी आलीच नाही असं नाही, पण आप्पांची गाडी हीच. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, आणि पुढे सोफ्यासारखी एक सलग बेंच सीट. त्या बेंचवर पुढे तिघं बसायची, मध्ये मी. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली ती बातमी आप्पांनी टीव्हीवर पुन्हा पुन्हा लावून बघितली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, आपली दुरुस्त करून घेऊया, पूर्ण.

इंजिनचं झालं, पत्र्याचं झालं, रंग झाला. अडलं ते सीटवर. मधल्या काळात आप्पांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की कमरेला मागून आधार नसेल तर गाडी चालवायची नाही. बेंच सीटला कसला आधार ओ, सपाट पाठ, मानेला काही नाही, आणि चोर्ल्याच्या घाटात वळण आलं की माणूस या दारापासून त्या दाराकडे सरकतो. म्हणून नव्या हॅचबॅकच्या दोन बकेट सीट, म्हणजे एकेकाच्या वेगळ्या, मिळवल्या, चांगल्या, फोम दाबला तरी परत वर येणारा. मला वाटलं आता काय, बोल्ट मारायचे आणि बसायचं. मलाच काय, ज्यांना हे काम येतं असं ते स्वतः सांगत होते त्यांनाही तसंच वाटत होतं.

त्यांचं नाव घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही. मोठ्या शहरातलं वर्कशॉप, भिंतीवर जुन्या गाड्यांचे फोटो, बाहेर काचेचं ऑफिस. पूर्ण पावसाळा गाडी ठेवून घेतली आणि शेवटी काय केलं, तर सीट ज्यावर पुढेमागे सरकते त्या पट्ट्या सरळ फ्लोअरच्या पत्र्याला वेल्डिंग करून चिकटवल्या. मिलिमीटरभर जाडीचा पत्रा, त्यात पन्नास वर्षांचा गंज खाल्लेला. सीट पुढून उचललेली, दाराच्या बाजूला कललेली, आप्पांचं डोकं छताला आणि गुडघे त्या मोठ्या स्टिअरिंगला. काच खाली करायचा हँडल फिरवायचा तर बोटं सीटच्या प्लास्टिकवर घासायची. आप्पा ब्रेक दाबून बघत होते तर सीटच हलली. सांगितलं तर म्हणे "जुन्या गाडीत असंच असतं, ॲडजस्ट करून घ्यायला लागतंय". पैसे मात्र पूर्ण घेतले, त्यात ॲडजस्ट काही नाही. आणि सगळ्यात वाईट काय सांगू, त्या सगळ्या महिन्यांत तिथला एकही माणूस आप्पांशी बोलला नाही. मी बाई म्हणून माझ्याशी नाही, ते म्हातारे म्हणून त्यांच्याशी नाही, जे काय बोलायचं ते माझ्या नवऱ्याशी, आणि तो बिचारा दरवेळी म्हणायचा, गाडी सासऱ्यांची आहे हो, त्यांना विचारा. ते मान हलवायचे आणि परत त्याच्याशीच बोलायचे. आप्पा बाजूला उभे. आयुष्यभर जी गाडी स्वतःच्या हाताने पुसली तिच्या शेजारी, परक्यासारखे.

त्यानंतर अजून एकाने बघून सांगितलं, भंगारात घाला. घरातलेही काहीजण तेच म्हणत होते, नाव लिहित नाही, वाचून त्यांना कळेल.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं, बस आणि टेम्पोच्या सीट बसवण्यात आयुष्य गेलंय त्यांचं म्हणून. तुम्ही गाडी बघितली, खाली झोपून टॉर्चने फ्लोअर बघितला, बोटाने गंज खरवडला आणि बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला. मला नाही, नवऱ्याला नाही. "काका, चालवणार कोण, तुम्हीच न्हवं काय?" आप्पा हो म्हणाले. "मग बसा की ओ आत."

आणि सीट अजून बसवायची होती, तरी तुम्ही आप्पांना बसवलंत. फ्लोअरवर फळीचे तुकडे रचले, वर ती सुटी सीट ठेवली, उंबऱ्यावर एक धुतलेली चादर टाकली म्हणजे आप्पांच्या पांढऱ्या लेंग्याला ग्रीस लागू नये. क्लच दाबा म्हणालात. मग फळी काढली, परत क्लच. मग पुढची फळी पातळ केली, मागची जाड. बॉनेटचं टोक दिसतंय काय, मान आखडते काय, गिअर टाकताना खांदा उचलावा लागतो काय, एकेक विचारत होता आणि आप्पा उत्तर द्यायला वेळ लावत होते कारण कुणी विचारायची सवयच गेली होती त्यांची. तुम्ही घाई केली नाही. प्रत्येक वेळी फळीची उंची खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहीत गेलात. मला तेव्हाच कळलं की आता हे काम होणार.

नंतर तुम्ही मला समजावलंत ते मी इथे लिहिते कारण असं करायला निघालेल्या बाकीच्यांना उपयोग होईल. नवीन सीटच्या पट्ट्यांचे पाय पुढेमागे सारख्या उंचीचे नसतात, ते त्या त्या गाडीच्या फ्लोअरच्या आकारानुसार केलेले असतात, म्हणून दुसऱ्या गाडीत तशाच ठोकल्या की सीट तिरकी बसणारच. फियाटला खाली वेगळी चासी, म्हणजे सांगाडा, नाही, बॉडी हीच चासी, म्हणजे फ्लोअरचा पत्रा हाच आधार. आणि नव्या सीटला बेल्टचं बकल सीटलाच जोडलेलं असतं, तेव्हा धडक झाली तर नुसत्या सीटचं नाही, बेल्टने धरलेल्या माणसाचंही बरंच ओझं त्या चार बोल्टांवर येतं. "वेल्डिंग मारून पत्र्याला चिकटवलं म्हणजे माणसाला पत्र्याला बांधलं" असं तुम्ही म्हणालात आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तशा गाडीतून आप्पांना मी घरी आणलं होतं.

गंजलेला भाग कापून नवीन पत्रा घातलात, मग सीटखाली स्वतंत्र ब्रॅकेट केलेत, दाराच्या बाजूला बेंचचीच जुनी भोकं वापरली. पण आतल्या बाजूला, मधल्या बोगद्याजवळ, म्हणजे फ्लोअरच्या मधल्या उंचवट्याजवळ, बेंचला कधी पायच नव्हता. तिथे नवीन भोकं लागणार होती, खालून ३ एमएमची प्लेट आणि ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते सांगते. तुम्ही पंच मारून खूण केली होती, ड्रिल हातात घेतलं होतं, चालूही केलं होतं. मग बंद केलंत. बाहेर खुर्चीवर आप्पा बसले होते तिथे आलात, गुडघ्यावर बसलात आणि विचारलंत, "काका, इथे नवीन होल पाडायला लागतंय. पाडू काय? नको म्हणला तर दुसरं काय तरी करूया, वेळ लागेल, पण करूया."

आप्पा काही बोलले नाहीत. उठले, गाडीजवळ गेले, वाकता येत नाही तरी दाराला धरून वाकले आणि त्या खुणेवर बोट ठेवलं. तुम्ही ड्रिल खाली ठेवून दिलं आणि पोराला चहा आणायला पाठवलं. चहा आला, प्यायलो, तुम्ही दुसऱ्याच कुठल्या तरी विषयावर बोलत होता, पाऊस, उसाचा दर, असलं काहीतरी. कप खाली ठेवल्यावर आप्पा म्हणाले, "पाडा मेस्त्री." मग पाडलंत.

मेस्त्री, मी तिथे तुमच्यासमोर रडले नाही, घरी येऊन रडले. त्या भोकाने गाडीचं काही बिघडणार नव्हतं हे तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी विचारलंत. ऑपरेशन झाल्यापासून आप्पांना सगळे सांगतात, हे खा, ते करू नका, इथे बसा, तिथे जाऊ नका, मीसुद्धा सांगते. परवानगी कुणी मागितली नव्हती.

आणि ते बेंच. मी म्हटलं होतं टाकून द्या. तुम्ही पुसून, स्प्रिंगला तेल मारून, प्लास्टिकमध्ये बांधून दिलंत, मूळ बोल्ट कापडी पिशवीत, पिशवीवर मार्करने "फियाट पुढची सीट". का ते नंतर कळलं. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला, त्यात गाडी मूळ रूपात लागते, चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. तुम्ही म्हणालात, उद्या काकांच्या मनात आलं तर अर्ध्या दिवसात बेंच परत बसतंय, म्हणून गंजलेला पत्रा सोडला तर काहीच कापून टाकलं नाही. उद्याचा विचार गाडीच्या मालकानेही केला नव्हता तो तुम्ही केलात.

तुमच्या घरी कन्नड, आमच्या घरी मराठी. पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून आपल्या भागात काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मध्येच बस बंद होतात, लोक घाबरून घरात बसतात. तुमच्या शेडमध्ये तुमचा पोरगा कन्नडमध्ये पाना मागायचा आणि आप्पा मराठीत उचलून द्यायचे, आणि दोघांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. बेळगावची माणसं अशीच आहेत ओ, बाहेरच्यांना सांगून पटत नाही. कामात खोट नको, समोरच्याला माणूस म्हणून बघायचं, एवढं ज्याच्याकडे आहे त्याची भाषा कुठलीही असू दे, मी त्याच्या दारात जाईन. काचेचं ऑफिस असलेल्यांनी तुमच्याकडे येऊन एक दिवस नुसतं बसावं, काही शिकवायला नको तुम्ही, बघूनच समजेल.

बिलात तुम्ही फ्लोअरच्या पत्र्याचे पैसे लावले नाहीत हे आप्पांच्या लक्षात आलंय. ते पाकीट तयार करून ठेवलंय त्यांनी, यावेळी "असू दे की" चालणार नाही असा निरोप आहे. डाव्या सीटचा स्लायडर थोडा कडक सरकतोय, ग्रीस आणून ठेवलंय, तेवढं बघाल. रविवारी वहिनींना आणि पोराला घेऊन या, आई मांडे करणार आहे, म्हणून बाराच्या आत पोचा.

तुमची,
आप्पांची मुलगी