‘एन-बॅक’चा सराव करताना

संपादक महोदय,

जळगाव-धुळ्यातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुले मोबाइलवर ‘एन-बॅक’ हा स्मरणशक्तीचा खेळ खेळतात (एकेक अक्षर येते; ते ठरावीक घरे मागच्या अक्षरासारखेच असेल तर बटण दाबायचे) आणि 3च्या पातळीवर, म्हणजे तीन घरे मागच्या अक्षराशी ताडताना, अडतात. कारण अख्खी माळ पाठ करायला जातात! शेवटची तीनच अक्षरे मनात पुटपुटावीत : क-म-ट. ‘प’ आले की आधी ‘क’शी ताडायचे, मग ‘क’ सोडून म-ट-प धरायचे. फसवते ते दोन घरे मागचे अक्षर. ओळखीचे वाटते न् बोट दाबले जाते. बुद्ध्यांक वाढतो म्हणणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नये, सुधारतो तो मुख्यतः हाच खेळ. रोज 20 मिनिटे पुरेत. फेरीत तीनपेक्षा कमी चुका झाल्या तरच पातळी वाढवावी. मधेच साखळी तुटली तर मागचे आठवत बसू नये. पुढची तीन नव्याने गोळा करावीत.

– एक वाचक, जळगाव