चाकू घेण्यापूर्वी मूठ पाहा

नागपूर,
२८ जून

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली तीन चाकूंची छायाचित्रे मिळाली आणि ‘यांतला कोणता घेऊ, एका ओळीत सांग’ हा तुझा हुकूमही वाचला. एका ओळीत ते बसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. दुसरी पाळी आटोपून बुटीबोरीहून रात्री बारानंतर मोटारसायकलने निघायचे, वर्धा रोड सोडला की बेसा-पिपळा भागातील अंधाऱ्या रस्त्याने घर गाठायचे, आणि त्याच रस्त्यावर तुझ्या सहकाऱ्याला अडवून त्याचा मोबाइल हिसकावला गेलेला, हे सारे पाहता खिशात काहीतरी असावे असे तुला वाटणे स्वाभाविक आहे. वहिनींना ही कल्पना मुळीच पसंत नाही, हेही तू प्रामाणिकपणे लिहिले आहेस. त्यांच्या बाजूने मला बरेच म्हणायचे आहे, पण आधी वस्तूविषयी बोलू.

तिन्ही छायाचित्रांत विक्रेत्याने पाते पुढे केले आहे आणि मूठ कोपऱ्यात ढकलली आहे. मी नेमके उलट पाहतो. घडीचा चाकू घाबरलेल्या माणसाच्या हातात जाणार असेल, तर आधी मूठ, मग लॉक, म्हणजे उघडलेले पाते मिटू न देणारी खीळ, आणि सर्वांत शेवटी पाते. टोक कशावर तरी आदळले की चाकू थांबतो, पण मागून जोराने येणारा हात थांबत नाही. मुठीला पुढे अडसर नसेल तर बोटे तशीच सरकून धारेवर जातात, आणि बोटांच्या आतल्या बाजूच्या कंडरा एकदा तुटल्या की ती बोटे पूर्वीसारखी वळतीलच अशी हमी कोणताही शल्यविशारद देत नाही. साध्या सुरीने वार करणाऱ्याच्याच तळहातावर जखम सापडणे, ही न्यायवैद्यकाला चांगली ठाऊक असलेली गोष्ट आहे. तू तर टूलरूममध्ये माझ्याबरोबर काम केलेला माणूस. तेलकट हातात मूठ नसलेली कानस धरली की काय होते, हे तुला वेगळे सांगायला नको.

पकड पक्की म्हणजे काय, तर चार ठिकाणी आधार हवा. तर्जनीच्या पुढे मुठीला स्पष्ट उंचवटा हवा, म्हणजे हात पुढे जाणार नाही. काही चाकूंत पाते उघडण्यासाठी मागे काढलेला छोटा पंख, ज्याला फ्लिपर म्हणतात, पाते उघडल्यावर बरोबर याच जागी येऊन बसतो आणि अडसराचे काम करतो. मला ही रचना फार आवडते, कारण एकाच तुकड्यात दोन कामे होतात. अंगठा जिथे टेकतो तिथे पात्याच्या पाठीवर आडव्या खाचा हव्यात. करंगळीच्या बाजूला मूठ किंचित खाली वळलेली हवी, म्हणजे चाकू मागे ओढताना निसटणार नाही. आणि मधल्या भागाला हलकीशी फुगीरता हवी, म्हणजे तळहातातील पोकळी भरते. बोटागणिक खोल खोबणी पाडलेल्या मुठी मात्र टाळ. त्या ज्याच्या मापाने बनवल्या त्याच्याच हातात बसतात. तुझ्यासारख्या रुंद पंजाच्या माणसाची बोटे खोबणीत न बसता मधल्या कंगोऱ्यांवर येतात.

मापाचे म्हणशील तर चारही बोटे मुठीवर पूर्ण मावली पाहिजेत. आपल्यासारख्यांच्या पंजाला साधारण साडेचार इंचांची मूठ लागते आणि तिच्यात सव्वातीन-साडेतीन इंचांचे पाते सहज बसते; त्याहून लांब पात्याचा मोह नको. मुठीची जाडी बारा-पंधरा मिलिमीटर असावी. त्याहून पातळ असली तर खिशाला बरी वाटते, पण जोर लावताना हातात फिरते.

आता आपल्या हवामानाचा प्रश्न. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना तळहात घामाने ओले, आणि आता पावसाळ्यात रेनकोटच्या बाहीतून ओघळलेल्या पाण्याने ओले. म्हणजे कोरड्या हाताने दुकानात केलेली परीक्षा इथे निरुपयोगी. मी करतो ती परीक्षा सांगतो. पाते उघडून त्यावर टोकापासून मुठीपर्यंत जाड कागदाची घडी आणि वर चिकटपट्टीचे तीन-चार वेढे घट्ट गुंडाळायचे. मग तळहाताला साबणाचे पाणी लावायचे, चाकू नेहमीसारखा धरायचा आणि झाकलेले टोक लाकडी फळीवर टेकवून हळूहळू दाब वाढवत न्यायचा. धक्का मारायचा नाही. हात मुठीवर पावबोटभर जरी पुढे सरकला, तरी तो चाकू या कामाचा नाही, मग त्याचे पोलाद कोणत्याही देशाचे असो.

या परीक्षेत गुळगुळीत स्टेनलेस स्टीलची मूठ हमखास नापास होते. ॲल्युमिनियमचीही तीच गत, त्यावर आडव्या रेघा कोरलेल्या असतील तर थोडी बरी. जी-१० म्हणजे काचेचे कापड इपॉक्सी राळेत दाबून केलेली शीट. विजेच्या पॅनेलमध्ये तू ती अनेकदा हाताळली आहेस. तिचा पृष्ठभाग खरखरीत ठेवला की ओल्या हातातही ती पकडून राहते. दोष एवढाच की पॅंटच्या खिशाची कड ती काही महिन्यांत कुरतडून ठेवते. मायकार्टा म्हणजे जवळपास आपल्या ओळखीची हायलमची शीट, कापड आणि फिनॉलिक राळ यांची. पॉलिश न केलेली असेल तर ओली झाल्यावर तिची पकड उलट वाढते. काचतंतू मिसळलेले नायलॉन स्वस्त आणि हलके असते, आणि साच्यातच त्यावर चौकडी उठवलेली असेल तर त्याला नाव ठेवायला जागा नाही.

पकडीचा दुसरा अर्धा भाग लॉकमध्ये आहे, कारण घडीच्या चाकूला धारेची बाजू दोनदा धोक्याची असते: एकदा हात पुढे सरकला तर, आणि एकदा पाते उलटे मिटले तर. ज्या चाकूत नुसती पाठीची पट्टी ताणून पाते धरते, जसे आपल्या ओळखीच्या लहान स्विस चाकूत असते, तो फळे कापायला आणि वायर सोलायला उत्तम. पण पाठीवर दाब पडताच तो मिटतो, म्हणून या हेतूला तो बाद. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाखाली येते. पाते उघडून उजेडात धरलेस तर ती पट्टी बुडाखाली किती आत आली आहे ते दिसते. निसटती कडेला टेकलेली असेल तर चाकू परत कर. शिवाय घाबरून मूठ फार आवळली की बोटांच्या दाबाने ही पट्टी बाजूला सरकू शकते, म्हणून ती मुठीच्या कडेबाहेर फारशी डोकावत नाही ना, हेही पाहा. बॅक लॉक, म्हणजे मुठीच्या पाठीवरच्या दांड्याचे टोक पात्याच्या बुडातल्या खाचेत अडकते तो, मजबूत असतो, मात्र त्याचा दट्ट्या मुठीच्या पाठीवर, नेमका तळहाताच्या दाबाखाली येतो. काही बनावटींत दट्ट्याला मुद्दाम खोलगट भाग ठेवतात, तो त्यासाठीच. तसेच त्याच्या खाचेत खिशातला कचरा साचला तर लॉक पुरता बसत नाही. आडवा दांडा पुढे-मागे सरकणारे लॉक मला सर्वांत निर्धास्त वाटते, कारण मिटवताना बोटे पात्याच्या वाटेत येत नाहीत आणि डाव्या-उजव्या दोन्ही हातांना ते सारखेच चालते.

उघडण्याविषयी थोडक्यात. एका हाताने उघडला पाहिजे, एवढे पुरे. खिशाच्या कडेला अडकवायची क्लिप आणि पात्यातले गोल भोक ही जोडी अमेरिकेतील स्पायडरको कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणली आणि त्यानंतर जगभरच्या चाकूंनी ती उचलली. क्लिपमुळे चाकू खिशाच्या तळाशी किल्ल्यांत लोळत नाही, रोज एकाच जागी आणि एकाच दिशेने हाताला लागतो. बटण दाबून खटकन उघडणारे, रामपुरी थाटाचे चाकू मात्र घेऊ नकोस. त्यांची स्प्रिंग खिशात उघडते, लॉक बहुधा कच्चे असते आणि पोलिसांच्या नजरेत ती वस्तू पहिल्या क्षणापासून गुंडाची असते.

पोलादाबद्दल तू तीन प्रश्न विचारलेस, खरे तर एकच पुरेसा होता: पोलादाचे नाव लिहिले आहे का? नुसते ‘स्टेनलेस’ लिहिलेले आणि नाव नसलेले पाते घेऊ नये. डी-२ लिहिलेले दिसले तर दचकू नकोस, आपण डायसाठी, म्हणजे साच्यांसाठी, वापरायचो तेच ते पोलाद. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. पाणी नीट दिलेले, म्हणजे तापवून-थंड करून नीट कडक केलेले असेल तर धार फार दिवस टिकते, पण त्यातले बरेचसे क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनबरोबरच्या कठीण संयुगात, अडकलेले असल्यामुळे घामाने त्यावर गंजाचे ठिपके उठतात. आठवड्याला मशीन तेलाचा एक थेंब लाव, म्हणजे झाले.

आता वहिनींची बाजू. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे परवान्याच्या यादीत घातली आहेत, त्यामुळे साडेतीन इंचांचा चाकू त्या यादीत येत नाही. तेवढ्यावर विसंबून राहू नकोस. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्तांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना सार्वजनिक जागी चाकू, काठ्या, भाले बाळगण्यास मनाई करणारा आदेश काढता येतो, आणि त्या यादीत पात्याच्या इंचांचा हिशेब नाही. सणासुदीला, निवडणुकीला आणि आपल्याकडे हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत असे आदेश निघतात. तो मोडला तर कलम १३५ खाली शिक्षा आहे. म्हणून आदेश लागू आहे का, हे वर्तमानपत्रात पाहायची सवय लाव, आणि असेल त्या काळात चाकू घरच्या कपाटात राहू दे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे वापराचा कायदा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही खासगी बचावाच्या हक्काची आहेत. हक्क आहे, पण बचावाला आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तिथे तो हक्क उरत नाही. मोबाइल मागणाऱ्याच्या पोटात चाकू गेला, तर पुढची कित्येक वर्षे प्रश्नांची उत्तरे तुलाच द्यावी लागतील. मागितला तर मोबाइल दे. मोबाइल पुन्हा घेता येतो.

आणि मोटारसायकलवरचा माणूस चाकू काढणार तरी कसा, याचा विचार तू केला आहेस का? एक हात ॲक्सिलरेटरवर, दुसरा क्लचवर, डोक्यावर हेल्मेट, अंगावर रेनकोट. क्लिप रेनकोटच्या आत. त्या अंधाऱ्या रस्त्यावर तुझे खरे रक्षण हेडलाइट, हॉर्न आणि न थांबणे हेच करील. कोणी आडवे आले तर गाडी वळवून उजेडातल्या पेट्रोल पंपाकडे घ्यायची आणि ११२ लावायचा. जोडीला पेपर स्प्रे ठेव. तो दोन हात लांबून चालतो, चाकूला मात्र समोरच्याच्या हाताच्या टप्प्यात जावे लागते, आणि तिथे तो त्याच्याही हातात जाऊ शकतो. चाकू हा उरलेल्या शेवटच्या क्षणासाठी, कोणी गळा धरून खाली पाडले आहे आणि सुटका नाही अशा वेळेसाठी. त्या क्षणाला लांब पाते उपयोगी पडत नाही, हातातून न निसटणारी मूठ पडते. म्हणून इतकी पाने तिच्यावर खर्च केली.

तुला देखभाल विभागात दिवसातून दहा वेळा केबल सोलायची आणि पट्टे कापायचे असतात. चाकू त्या कामाचाच घे आणि त्या कामाला रोज वापर. सांगायला कारण असावे म्हणून हे म्हणत नाही. रोज हाताळलेल्या वस्तूचीच हाताला ओळख राहते, आणि वर्षभर खिशात पडून राहिलेला चाकू गरजेच्या वेळी उलटा हातात येतो.

तर तुझी तीन छायाचित्रे. पहिला, कवटीचे चित्र आणि चकचकीत मूठ असलेला, बटणाचा आहे. त्याचा विचार सोड. तिसरा, लाकडी मुठीचा आणि गोल कडीचा, फ्रान्सच्या ओपिनेल धर्तीचा दिसतो. हे घराणे १८९० पासूनचे आणि ती फिरती कडी १९५५ पासूनची. चाकू सुंदर, शिदोरी सोडून बसल्यावर कांदा कापावा तर त्यानेच. पण उघडायला दोन हात लागतात, मूठ गोल आणि अडसराविना असते, आणि आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगले की पाते आत आवळून बसते. दुसरा, काळ्या जी-१० मुठीचा, फ्लिपर आणि लायनर लॉक असलेला, तो मागव. त्यावर ‘टॅक्टिकल’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे, तिकडे दुर्लक्ष कर; काळा रंग दिला की हल्ली टॉर्चसुद्धा टॅक्टिकल होतो.

चाकू आला की परतीची मुदत संपण्याआधीच्या रविवारी घेऊन ये. लायनरची पट्टी किती बसते ते आपण भिंगाखाली पाहू, साबणाच्या पाण्याची परीक्षा माझ्या व्हाइसच्या टेबलावर करू, आणि क्लिप डाव्या खिशाला बसवायची झाली तर स्क्रू बदलून देईन. इतवारीत लोहाओळीला मला सहाणही घ्यायची आहे, तिकडे मिळूनच जाऊ. वहिनींना हे पत्र अवश्य वाचायला दे आणि माझा नमस्कार सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत