तेल संपलं म्हणण्याआधी विहीर तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

देशातलं कच्च्या तेलाचं उत्पादन घटतंय अशी बातमी मध्यंतरी तुमच्या पेपरात आली होती, आणि जुन्या विहिरी आटत चालल्यात एवढं एकच कारण त्यात दिलं होतं. मी परभणीचा, पण नोकरी झाली तिकडं गुजरातेत मेहसाण्याला, रिगवर मडच्या (ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवतात त्या चिखलासारख्या द्रवाच्या) कामात, म्हणून राहवलं नाही. विहिरीतनं तेल कमी यायला लागलं की खालचा साठाच संपला असं सगळे धरून चालतात, पण पुष्कळदा तेल खाली तसंच पडून असतं आणि विहिरीला लागून असलेला दगड आपणच बुजवून ठेवलेला असतो.

ड्रिलिंग करताना खालचा गॅस उसळून वर येऊ नये म्हणून मडचं प्रेशर थराच्या प्रेशरपेक्षा जास्त ठेवावं लागतं, त्याला इलाज नाही. पण त्याच जादा प्रेशरनं मडमधलं पाणी आणि बारीक कण दगडाच्या छिद्रांत घुसतात, त्यात दगडात फुगणारी चिकणमाती असली आणि पाणी गोडं असलं की ती माती फुगून वाटच बंद करते. त्यासाठी मडमध्ये पोटॅशियम क्लोराइड टाकतात, पण खर्च वाचवायचा म्हटलं की पहिली काटछाट तिथंच होते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आपल्याकडं बोर मारल्यावर कॉम्प्रेसरनं नीट फ्लशिंग केलं नाही तर दगडाची पूड चिरांत बसते आणि पाणी असून बोर फेल म्हणून सोडून देतात, तसाच हा प्रकार.

आणि हे नुकसान किती लहान जागेत होतं बघा. समजा विहिरीची त्रिज्या 4 इंच आहे आणि ती 750 फुटांपर्यंतचं तेल ओढते. त्यातल्या फक्त पहिल्या 3 फुटांत दगडाची तेल वाहू द्यायची ताकद दहा टक्क्यांवर आली, तर हिशेबानं उत्पादन जवळपास चौथाईवर येतं, बाकीचा सगळा दगड ठणठणीत असला तरी! कारण सगळीकडचं तेल शेवटी त्याच तीन फुटांतनं यायचं असतं. मुंबई हायसारख्या चुनखडीच्या दगडात हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडून वाट मोकळी करता येते, वाळूच्या दगडात मात्र हायड्रोफ्लोरिक मिसळावं लागतं आणि तिथं आधी चुना धुऊन काढला नाही तर नवीनच साका तयार होऊन विहीर आणखी बुजते.

दुसरं दुखणं वाळूचं. मेहसाण्याकडचे जाड तेलाचे थर उथळ आणि भुसभुशीत, विहीर जोरात ओढली की तेलाबरोबर वाळू येते, आणि पाणी यायला लागलं की कण आणखी सुटे होतात. विहिरीच्या तोंडाशी तेलाचा जोर आवरायला चोक असतो, त्यातलं पोलादी बीन, म्हणजे भोक असलेली छोटी नळी, काढून पाहिलं तर आतलं गोल भोक वाळूनं खाऊन एका बाजूला लांबट झालेलं असायचं. वाळू अडवायला जाळी बसवतात, ग्रॅव्हल पॅक करतात, म्हणजे जाळीभोवती बारीक खडी भरतात, ती खडी थरातल्या वाळूच्या मधल्या मापाच्या पाच-सहा पट लागते, त्याहून मोठी घेतली तर वाळू आत शिरून पॅकच तुंबतो आणि फार बारीक घेतली तर तेलच अडतं. म्हणून माझं ठाम मत आहे की सुरुवातीला विहीर हळूहळू उघडावी, चार पैसे उशिरा आले तरी चालतील. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-6 या रिलायन्सच्या समुद्रातल्या क्षेत्राचा गॅस 2009 साली सुरू झाला आणि पुढं झपाट्यानं घसरला, तेव्हा विहिरींत पाणी आणि वाळू शिरल्याचं कारण कंपनीनं दिलं होतं, त्यावरनं वादही लै झाले, पण खाली विहिरीत काय होतं हे मराठी पेपरांत मी तरी कुठं वाचलं नाही.

आपण गरजेच्या 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, डिझेल महागलं की नांगरटीचा भाव वाढतो, मग हा विषय आपला नाही असं कसं म्हणायचं? तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी बातमी छापताना कंपनीला विचारा, विहीर काही काळ बंद ठेवून प्रेशर टेस्ट घेतली होती का? विहिरीच्या लगतचा दगड बुजलाय की साठ्याचंच प्रेशर उतरलंय हे त्या टेस्टमध्ये कळतं, आणि ती न घेताच नवी विहीर खोदायला काढली असेल तर तेही छापा.

आपला,
एक वाचक, परभणी