डिस्क दुरुस्त न केल्याबद्दल आभार

आदरणीय काका,

फोनवर ‘थँक्यू’ म्हटलं होतं, पण तेवढ्यावर भागलं असं वाटत नाही. शिवाय तुम्ही नेमकं काय केलंत ते घरी संगणक वापरणाऱ्या इतरांनाही कळावं, म्हणून हे पत्र उघड लिहितेय.

आमचं घरगुती डीटीपीचं काम. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं. 2019 च्या पुरात सांगलीतल्या कितीतरी घरांसारखं आमचंही कागदांचं कपाट गेलं, सीड्याही गेल्या. बाबांच्या कामातलं जे उरलं ते माडीवरच्या या एका संगणकात. त्याच्या हार्डडिस्कमधून कट्-कट् आवाज यायला लागला, फाइल उघडली की पडदा गोठायला लागला, आणि सल्ले सुरू झाले. फॉरमॅट मारा. चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची सोय, लावून झोपा. एका दुकानात तर खोका न उघडताच ‘डिस्क गेली’ म्हणून निकाल दिला. मावसभाऊ डिस्क पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायला निघाला होता! ते ऐकून तुमचा चेहरा झाला होता तो आई अजून करून दाखवते. बाहेर काढल्यावर आत दव धरलं तर तबकड्यांचं काय होईल, हे तुम्ही त्याला न रागावता समजावलंत.

तुमचं पहिलं वाक्य होतं, “अगं, आधी बंद कर, मग बोलू.”

मग तुम्ही सर्वात स्वस्त संशयिताकडे वळलात. डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदललीत, मदरबोर्डवरचं पोर्ट बदललंत. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते, तीही वाचून दाखवलीत. 199 क्रमांकाच्या ओळीत सीआरसी दोष, म्हणजे केबलमधून जाताना माहिती बिघडल्याचे प्रसंग, मोजले जातात. तो आकडा कमी कधीच होत नाही, केबल सुधारली तर फक्त वाढायचा थांबतो. तो थांबला. पण 197 ची ओळ, म्हणजे वाचता न आल्यामुळे अडकून पडलेली सेक्टरं (डिस्कवरचे छोटे कप्पे), वाढतच राहिली. केबल खराब होतीच, पण डिस्कही चालली होती. दोन दोष एकत्र असू शकतात, हे दुकानातल्या कुणी मनावर घेतलं नसतं.

इथे कुणीही चेकडिस्क चालवलं असतं. तुम्ही नाही म्हणालात. ते पूर्ण डिस्क धुंडाळतं, खराब जागी पुन्हापुन्हा डोकं आपटतं आणि वर फायलींच्या नोंदींतही फेरफार करतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर हे करायचं नसतं. आधी नक्कल, दुरुस्ती नंतर, आणि तीही नकलेवर. तुमच्या या एका हट्टामुळे आमचं काम वाचलं.

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तुम्ही डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची नक्कल काढणारं सॉफ्टवेअर लावलंत. ते आधी धडधाकट भाग उचलतं, अडलं की पुढे उडी मारतं आणि अवघड जागांकडे शेवटी परततं. डिस्क तापते म्हणून टेबलफॅन तिच्याकडे वळवलात, आम्ही उकाड्यात बसलो. मध्येच वीज गेली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही शांत. कुठवर वाचून झालंय त्याची नोंद पेनड्राइव्हवर लिहिली जात होती, वीज आल्यावर काम तिथूनच पुढे सुरू झालं. आपल्याकडची वीज ओळखूनच कुणीतरी हे बनवलंय, असं बाबा म्हणाले.

आणि तो प्रश्न: “फाँट कुठे आहेत?” नक्कल झाल्याच्या आनंदात आम्हाला ते सुचलंच नव्हतं. युनिकोडच्या (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फाँटांत टाइप केलेला मजकूर त्या फाँटाशिवाय उघडला, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. फायली मिळूनही हाती काही लागलं नसतं. तुम्ही विंडोजचा फाँटांचा फोल्डर वेगळा काढून दिलात. संगणक दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत, पण त्या संगणकावर काय काम चालतं हे विचारणारे मला तरी दुसरे भेटले नाहीत.

सगळं मिळालं नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. कोणत्या फायली खराब सेक्टरांत अडकल्या त्यांची यादी कागदावर लिहून दिलीत. त्यात एका संस्थेची स्मरणिका होती. त्यांच्याकडे छापील प्रत आहे, ती पुन्हा टाइप करायला घेतलीय.

पैसे घेतलेत, तेही रीतसर, हे मला फार आवडलं. फुकट केलं असतंत तर पुढच्या वेळी बोलावताना संकोच वाटला असता.

जुनी डिस्क भंगारात द्यायची नाही, लोकांच्या पत्त्यांनी भरलेली आहे, आधी ड्रिलने भोकं पाडायची, हे बाबांच्या लक्षात आहे. ड्रिल शेजारून आणायचंय. आणि नव्या डिस्कचं बिल तुमच्या पिशवीतच राहिलंय. वॉरंटीला लागेल, रविवारी येऊन नेते.

तुमची,
गल्लीतली डीटीपीवाली